फाटकाची तिरकी पट्टी

"आई, कोणीतरी आपलं फाटक हातात धरून उभं आहे."

"विकायला आलाय का?" आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"विकायला नाही गं. आपलंच फाटक. आपल्याच दारात."

खिडकीतून दिसत होतं ते असं... पावसाची बारीक भुरभुर, ओल्या कुंपणापाशी एक उंच माणूस, त्याच्या उजव्या हातात बिजागऱ्यांतून निखळलेलं आमचं लाकडी फाटक आणि डाव्या हातात छातीशी घट्ट धरलेली एक पांढरी डबी. फाटक सोडलं तर पायावर पडणार, डबी सोडली तर चिखलात. त्यामुळे तो दोन्ही धरून भिजत उभा होता आणि अगदी शहाण्या मुलासारखा घराकडे बघत होता.

मी चपला न घालताच धावले.

"मी काही केलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "फक्त ढकललं."

"ढकलायचं नसतंच ते. आधी गुडघ्याने उचलायचं, मग थोडं आपल्याकडे ओढायचं आणि मग ढकलायचं."

"असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. घरातल्यांना माहीत असतं."

"मी घरातला नाही."

"ते दिसतंच आहे."

तो हसला आणि फाटक एकदम कलंडलं. मी पुढे होऊन त्याची दुसरी बाजू धरली. "ही डबी घेता का जरा?" तो म्हणाला. "म्हणजे मला दोन्ही हात लावता येतील."

"काय आहे तिच्यात?"

"दात."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"माझे नाहीत," तो आणखी घाबरून म्हणाला. "काकूंचे आहेत. त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून मी कवळी घरी आणून... हे काकूंचंच घर ना?"

"काकू पलीकडे राहतात."

त्याने पलीकडच्या फाटकाकडे पाहिलं. ते सरळ उभं होतं आणि सताड उघडं होतं. "अरे देवा," तो म्हणाला. इतकं मनापासून म्हणाला, की मला हसू आवरेना.

दोघांनी मिळून फाटक भिंतीला टेकवलं. तेवढ्यात पदराला हात पुसत आई बाहेर आली आणि फाटकाकडे बघून तिने मोठा सुस्कारा सोडला. "गेलं एकदाचं. बरं झालं. आता लोखंडी आणू."

"आई!"

"आई काय? माझा गुडघा बघ आणि ते फाटक बघ. तू रजा संपली की जाशील परत कामाच्या गावी. मग मी काय भिंतीवरून उडी मारून भाजी आणायला जाऊ?"

ते फाटक बाबांचं होतं. त्यांनीच ते बनवलं, आणि दरवर्षी पाऊस संपला की दोन दिवस काढून ते त्याची डागडुजी करायचे. सैल झालेले खिळे बदलायचे, खाली जमिनीला घासणारी कड रंध्याने तासायचे, वर जवसाचं तेल द्यायचे. यंदा पाऊस ओसरत आला होता आणि बाबा नव्हते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझं सगळं आयुष्य पुस्तकांना जपण्यात जातं. फाटलेलं पान कसं सांधायचं ते मला येतं. फाटकाचं मला काही येत नव्हतं... पण ते जाऊ द्यायचं नव्हतं, एवढं मात्र कळत होतं.

तो माणूस खाली वाकून फाटकाच्या तळाशी बोटाने चाचपत होता. बोट सहज आत गेलं. "कीड लागलीय," तो म्हणाला. "पण वरवरची आहे. मूळ शाबूत आहे. काढायची गरज नाही, भरता येईल."

"तुम्ही फाटकाबद्दलच बोलताय ना?"

"सवय आहे," तो म्हणाला. "मी मोडलंय, मीच दुरुस्त करून देतो. रविवारी दवाखाना बंद असतो."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "लोखंडवाल्याला मी पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगते. तोवर हे फाटक माझ्या एका बोटाने उघडलं तर ठेवू. नाही उघडलं तर मग मला कोणी काही सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल," आम्ही दोघं एकदम म्हणालो. आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

*

पहिल्या रविवारी तो आला तो हत्यारांची पिशवी घेऊन. तिच्यात एक हातोडी होती आणि बाकी सगळी दवाखान्यातली बारीक, चकचकीत, टोकदार आयुधं.

"याने फाटक दुरुस्त करणार?"

"याने कुजलेलं लाकूड काढणार. जुनी आहेत, टाकून देणार होतो." त्याने फाटक दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं आणि त्याच्यावर ओणवा झाला. "हं... दिवसातून किती वेळा घासता?"

"फाटक? जेव्हा उघडतो तेव्हा जमिनीवर घासतंच."

"तरीच."

मी बाबांची पेटी आणली. रंधा, पटाशी, करवत, डब्यात प्रकारवार लावलेले खिळे. पटाशीच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं. मी ती हातात घेऊन नुसतीच बसले. त्याने ते पाहिलं असावं. पटाशी वापरायची पाळी आली तेव्हा त्याने स्वतःहून हात पुढे केला नाही. मी दिली तेव्हा घेतली.

"ही तिरकी पट्टी काढायची का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

फाटकाच्या चौकटीवर, वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या बाजूला उतरत गेलेली ती पट्टी होती. बाबांनी ती अगदी मोजूनमापून बसवलेली. कोपऱ्यांवर तिची टोकं इतकी चपखल कापलेली, की मध्ये कागदही गेला नसता.

"ती नाही काढायची," मी म्हणाले. "ती बाबांनी लावलीय. ती जशी आहे तशीच."

"जशी आहे तशीच," तो म्हणाला.

दुसऱ्या रविवारी त्याने दुकानातून सरस आणला. लाकडाचा बारीक भुसा त्यात कालवून आम्ही सगळ्या भोकांमध्ये भरला. तो आल्यापासून जरा गप्प होता. मधेच उठून रस्त्यावर गेला, समोरच्या घरांकडे बघत उभा राहिला आणि परत आला.

"काय झालं?"

"काही नाही. पाय मोकळे केले."

"कंटाळलात ना?"

"मी?" त्याने इतक्या आश्चर्याने विचारलं, की मलाच लाजल्यासारखं झालं. "मी आठवडाभर लोकांच्या तोंडात बघत असतो. एकही जण माझ्याशी बोलत नाही. बोलूच शकत नाही. इथे तुम्ही मला सकाळपासून चार वेळा रागावलात."

"तुम्ही सरस माझ्या वेणीला लावलात!"

"पाच," तो म्हणाला.

तेव्हा मी हसले. हातातली पटाशी खाली पडली इतकी हसले... स्वयंपाकघराच्या खिडकीत आई येऊन उभी राहिली. तिच्या हातात अर्धवट निवडलेली भाजी होती. ती जरा वेळ बघत राहिली आणि मग आत गेली. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

त्यानंतरच्या रविवारी जुन्या खिळ्यांच्या जागी स्क्रू, मग पॉलिश पेपर आणि तेल. तेल लावताना आमचे हात एकाच फळीवर दोन्ही टोकांकडून मधे येत होते. मधे आल्यावर कोणीतरी थांबायला हवं होतं. दोघंही थांबलो. बोटभर कोरडं लाकूड तेवढं राहिलं.

"तुम्ही," तो म्हणाला.

"नाही, तुम्ही."

"तुमचं फाटक आहे."

"तुम्ही मोडलंय."

शेवटी त्याने लावलं. माझ्या बोटांनाही थोडं तेल लागलं. ते चुकून लागलं असं आम्ही दोघांनी ठरवलं.

फाटक लावलं. आई आली, पदर खोचला, तर्जनी पुढे केली आणि ढकललं. फाटक आवाज न करता उघडलं.

"हं," आई म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये कौतुक होतं, पण विश्वास नव्हता.

*

आठवड्याच्या मध्यात पुन्हा पाऊस झाला. सकाळी दूधवाला आला आणि मला अंथरुणातच तो आवाज ऐकू आला. खर्रर्र. लाकूड फरशीवर घासल्याचा. लहानपणापासून ओळखीचा.

फाटक कडीच्या बाजूने खाली बसलं होतं. मी गुडघ्याने उचललं, ओढलं, ढकललं. मग तिथेच पायरीवर बसले. रडले नाही. बाबा गेल्यापासून मी फारशी रडलेच नव्हते. कामं पुष्कळ होती. पण त्या सकाळी मला वाटलं, एवढी एकच गोष्ट मला ठेवायची होती.

रविवारी लोखंडवाला मोजपट्टी घेऊन हजर झाला. आईनेच बोलावलं होतं. तो फाटकाची रुंदी घेत असताना आमचे डॉक्टर आले, हातात नवा कुंचला घेऊन. आधी त्यांनी मोजपट्टी पाहिली, मग खाली बसलेलं फाटक, मग माझा चेहरा. आणि त्यांचा स्वतःचा चेहरा पार उतरला.

"आई, राहू दे," मी म्हणाले. "घेऊ दे माप. आपण प्रयत्न केला. ते आता टिकण्यासारखं नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, टिकेल ते. त्याला काय धाड भरलीय? पट्टी उलटी आहे."

"काय?"

"तिरकी पट्टी. उलटी आहे. समोरच्यांची बघ, काकूंची बघ. सगळ्यांची खालच्या बिजागरीपासून वर कडीकडे चढते. म्हणजे फाटकाचं ओझं खांद्यावर घेते. यांनी लावली ती वरून खाली. ती बिचारी ओझं काय घेणार? नुसती लोंबकळते. खिळे सैल होतात आणि फाटक बसतं खाली. दरवर्षी."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. मला डोळे आहेत."

"मग बाबांना का नाही सांगितलंस? मला का नाही सांगितलंस?"

"तुला डॉक्टर सांगतील असं वाटलं होतं." आईने मान वळवली. "त्यांनाही माहीत आहे. त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून समोरच्या फाटकाकडे बघत होते. मग आपल्या फाटकाकडे बघितलं. आणि गप्प बसले. काय हो डॉक्टर?"

लोखंडवाल्याने मोजपट्टी गुंडाळली आणि तोही डॉक्टरांकडे बघू लागला.

"सरस आणायला गेलो होतो," डॉक्टर म्हणाले. "दुकानदाराला फाटकाचं चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, पट्टी उलटी आहे." त्यांचे कान लाल झाले होते. "सांगणार होतो. तुम्ही म्हणाला होतात, ती बाबांनी लावलीय, काढायची नाही... आणि... दर वेळी वाटायचं, चहा झाल्यावर सांगू."

"चहा तर दर वेळी झाला," मी म्हणाले.

"हो."

"आज हा माणूस फाटक घेऊन गेला असता. माझ्या वडिलांचं फाटक. आणि तुम्ही कुंचला घेऊन उभे राहिला असता."

"हो," ते पुन्हा म्हणाले. त्यांनी काही सबब सांगितली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कुंचला पायरीवर ठेवला, आईला नमस्कार केला, फाटक गुडघ्याने उचललं, ओढलं, ढकललं, आणि गेले. घरातल्यासारखं अगदी बरोबर उघडलं, याचा मला आणखी राग आला.

"मग माप घेऊ, का नको?" लोखंडवाल्याने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "आलाच आहात तर चहा घेऊन जा."

*

दुपारी आई आणि मी फाटक उतरवलं. पट्टीचे स्क्रू मी काढले. आई शेजारी वेताचा मोडा घेऊन बसली होती. पट्टी निघाली, आणि तिच्याखाली लाकडाचा एक लांबलचक तुकडा उघडा पडला. ऊन न पाहिलेला, फिका, अगदी नव्यासारखा. बाबांनी फाटक केलं तेव्हा ते असं दिसत असणार. मी त्याच्यावरून हात फिरवला. आईनेही फिरवला.

पट्टी टाकायची गरजच नव्हती. तीच पालथी केली आणि दुसऱ्या कोपऱ्यांत बसवली, तर टोकं तशीच चपखल बसली. बाबांचं माप चुकलं नव्हतं. दिशा तेवढी चुकली होती. आता फाटकावर पट्टी एकीकडून चढत होती आणि तिला छेदत जुन्या पट्टीची फिकी रेघ दुसरीकडून उतरत होती.

"आई, का नाही सांगितलंस त्यांना?"

आईने उरलेले स्क्रू डब्यात भरायला घेतले. "तुझे बाबा म्हणजे ऑफिस, नाहीतर पुस्तक," ती म्हणाली. "घरात असून नसल्यासारखे. वर्षातले ते दोन दिवस काय ते अंगणात. शीळ घालायचे. मी खिडकीशी भाजी घेऊन बसायचे. मधेच म्हणायचे, जरा हे टोक धर गं. मी धरायचे. पट्टी सुलट केली असती तर पुढच्या वर्षी मी काय धरलं असतं?"

मी हातातला शेवटचा स्क्रू तिच्या डब्यात टाकला. मग म्हणाले, "फसवलंस की गं त्यांना. इतकी वर्षं."

"संसारात त्याला फसवणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"गप्प बसणं म्हणतात." तिने डबा बंद केला. "आता मला सांग, त्या दातवाल्यावर एवढा कसला राग आहे?"

"आई, फाटक गेलं असतं!"

"गेलं असतं. आणि त्याचं चुकलंच. सांगायला हवं होतं त्याने. पण ज्याला तुझी बोलणी खाऊन वर पुढच्या रविवारी यायचं असतं, अशा माणसाला अक्कल जरा उशिरा येते. यांचंही तसंच होतं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "धर आता ते टोक."

मी धरलं. फाटक लावताना आईने हळूच शीळ घालायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली. आम्ही दोघी हसलो, आणि मग मी खूप रडले, फाटकाला धरून, भर दुपारी, रस्त्यावरचे लोक बघत असताना. आईने रडू दिलं. नंतर तिने एका बोटाने फाटक उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पुढे दोन मोठे पाऊस झाले. फाटक हललं नाही.

आणि रविवारी कोणी आलं नाही.

*

दवाखान्यात टेबलामागे एक ताई बसल्या होत्या. "वेळ घेतलीय?"

"नाही."

"दुखतंय?"

"हो," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"कुठे?"

मी सुचेल त्या दाताकडे बोट दाखवलं. त्यांनी मला आत पाठवलं.

तो पाठमोरा उभा राहून हात धूत होता. वळला आणि तसाच थांबला. तोंडावर मास्क होता, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे. ते पुरेसे होते.

"पट्टी सुलट केली," मी म्हणाले. "आईच्या एका बोटाने उघडतं."

"छान." त्याने नळ बंद केला. "खरंच छान झालं."

पुढे काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिच्यात जाऊन बसले. खुर्ची मागे कलली. डोक्यावर दिवा लागला.

"कुठला दात?"

"कुठलाही."

"उघडा," तो म्हणाला, आणि छोटा आरसा माझ्या तोंडात गेला. तो बराच वेळ बघत राहिला. "तुम्ही बहाणा म्हणून आला असाल," तो हळूच म्हणाला, "पण इथे मागे खरंच एक कीड आहे, बरं का."

"आँ?"

"बोलू नका. आरसा आहे." त्याने श्वास घेतला. "मीच बोलतो. तुम्हाला उत्तर देता येत नाहीये, हे गैर आहे, मला कळतंय. पण एरवी मला जमणार नाही. माझ्याशी तोंड उघडून... म्हणजे... तुम्ही बोलायला लागलात की माझं सगळं राहून जातं."

मला हसू आलं.

"हसूही नका. ...मला फाटक नीट व्हायला नको होतं, असं नाही. व्हायला हवं होतं. फक्त इतक्या लवकर नको. त्या दिवशी तुम्ही हसलात आणि तुमची आई खिडकीत आली. तिने ते किती दिवसांनी ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटलं, अजून एक रविवार. मग अजून एक. त्यात तुमच्या बाबांची वस्तू पणाला लागली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. त्याची माफी मागतो. ती वेगळी."

बाहेर ताई कोणाला तरी सांगत होत्या, डॉक्टरांना वेळ लागेल.

"दुसरी गोष्ट," तो म्हणाला. आरसा धरलेला हात स्थिर होता, आवाज तेवढा स्थिर नव्हता. "तुमची रजा संपेल. तुम्ही जाल. रविवारी आईकडे येत असाल ना... तर मला यायचंय. काही मोडलेलं नसताना. हातोडी न घेता. नुसतं तुझ्यासाठी."

तुझ्यासाठी म्हणून तो एकदम गप्प झाला. मास्कच्या वर त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," तो शेवटी म्हणाला. "दुखलं, किंवा थांबवावंसं वाटलं, तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबतो. पुन्हा तो विषय काढत नाही."

दिव्याचा उजेड डोळ्यांवर होता. मी आ वासून, आरसा तोंडात घेऊन, त्याच्या डोळ्यांकडे बघत पडले होते. इतकं वाचलं आयुष्यात, पण अशा वेळी बाई कशी दिसते ते कुठेच वाचलं नव्हतं.

मी डावा हात उचलला नाही. नीट, त्याला दिसेल असा, मांडीवर ठेवला. त्याच्यावर उजवा ठेवला. आणि दोन्ही हात तिथेच राहू दिले.